एनोच्या मरणाची पटकथा

मी शवपेटी आहे. दचकू नका, बसा. आत कुणी नाही, आणि माझ्यावर बसायला इथे कुणाचीच ना नसते. सेकोंडीच्या बंदराजवळ एक टीव्ही कंपनी आहे. तिथल्या लेखकांच्या खोलीत, खिडकीखाली मला ठेवलंय. ‘शेवटची आंघोळ’ ही भुतांची मालिका तुम्ही बघत असाल, तर मला नक्की ओळखाल. दर आठवड्याला माझं झाकण करकरतं आणि तुम्ही उशी घट्ट धरता. ते करकरणं माझं नव्हे हं, ते गुदामाच्या दाराचं आहे, मागाहून जोडतात. माझ्या बिजागऱ्यांना वेळच्या वेळी तेल मिळतं.

माझा जन्म बाजारामागच्या सुताराकडे झाला. लाकूड हलक्या प्रतीचं, पण वरून सोनेरी पट्ट्या आणि बाजूला पितळी कड्या, त्यामुळे उठून दिसते. एका अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यासाठी मला करायला टाकलं होतं. त्याचे भाचे माप घ्यायला गेले, तेव्हा तो डोळे मिटून पडला होता. दोरी पायापर्यंत पोचली आणि त्यानं डोळे उघडले.

“कसलं माप घेताय रे?”

“कपाटाचं, मामा.”

“मग माझ्यावर कशाला मोजताय?”

त्या रागानं म्हातारा बरा व्हायला लागला. सुताराला निरोप आला, की आता घाई नाही. मी दुकानात पडून राहिले. गिऱ्हाईकं यायची, कड्या वाजवून बघायची, आणि मग विचारायची, ही कुणासाठी केली होती? सुताराला खोटं बोलता यायचं नाही. दुसऱ्याच्या मापाचं मरण कोण घेणार? शेवटी टीव्हीवाले आले. त्यांना असल्या गोष्टींचं काही नव्हतं. मला टेम्पोत घातलं, तोंडावर ताडपत्री टाकली आणि इथे आणलं.

गुदामात जागा नव्हती म्हणून मी लेखकांच्या खोलीत आले. तिथे खुर्च्या कमी होत्या म्हणून माझं बाक झालं. पहिल्या दिवशी माझ्याजवळ कुणी फिरकेना. दुसऱ्या दिवशी एकानं माझ्यावर चहाचा कप ठेवला. त्यानंतर सगळे बिनधास्त बसायला लागले, फक्त डोक्याकडच्या बाजूला कुणी बसत नाही. तिथे अराबा बसते.

अराबा क्वेसन म्हणजे आमच्या मालिकेतली एनो. एनो म्हणजे आई. मालिकेत ती प्रेतांना शेवटची आंघोळ घालते. पाण्याचा तांब्या कानाजवळ नेला, की प्रेत तिच्याशी कुजबुजतं, आपल्याला कुणी नेलं, म्हणजे कुणी मारलं, ते सांगतं. मग एनो मागे वळून जमलेल्या नातेवाइकांकडे बघते. ते बघणं असं, की घराघरात लोकांच्या हातातला घास हातात राहतो. कुणी कुणी तर आपल्याच नवऱ्याकडे वळून बघतात म्हणे.

त्याआधी अराबानं सगळा जन्म बंदरावर धुरावलेले मासे विकले. भाव ओरडून ओरडून घसा बसला, आणि तो बसलेला घसाच टीव्हीला आवडला. ती यायची, माझ्यावर बसायची, केंकेचं पान सोडायची, म्हणजे पानात बांधलेला मक्याचा आंबट गोळा, मासा आणि शितोची काळी तिखट चटणी त्यात कालवायची आणि आपल्या कागदांची वाट बघायची. ते कागद कोबिना आन्सा लिहायचा. मालिका त्यानंच सुरू केली होती. तो एनोला चार वाक्यं द्यायचा, अराबा त्यातली दोन म्हणायची आणि तिसरं स्वतःचं घालायची. कोबिना कपाळाला हात लावायचा. भाग मात्र गाजायचा. असं आमचं छान चाललं होतं.

मग कोबिनाला राजधानीत विनोदी मालिका मिळाली. भुतांपेक्षा तिथे पाठीला आराम पडतो, असं सांगून तो गेला. जाताना माझ्या झाकणावर थाप मारून गेला. त्याच्या जागी आली डोरिंडा एसेल.

डोरिंडा तरुण होती, हुशार होती, आणि सतत दमलेली असायची. मूळची याच किनाऱ्यावरची, पण शिक्षण आणि नोकरी सगळं राजधानीत, अक्राला. तिला वरून सांगून पाठवलं होतं, की मालिका म्हातारी झाली, तरुण बघत नाहीत, काहीतरी करा. तिनं करायला सुरुवात केली. आधी भुतांच्या हातात मोबाइल आले. मग समुद्रातून एक अजगर आला. तो ताडपत्रीचा होता आणि वाऱ्याच्या दिवशी उलटा व्हायचा. त्याच्या आत शिरलेल्या एका माणसाला चक्कर आली आणि चित्रीकरण थांबलं, तेव्हा अजगराच्या तोंडातून त्याला पाणी पाजलं. तो भाग लोकांनी हसत हसत बघितला. भुतांच्या मालिकेला हसले, की लेखकाचं काही खरं नाही.

एका सकाळी डोरिंडा फळ्यासमोर उभी राहिली आणि बाकीच्या लेखकांना म्हणाली, “एनो जाणार.”

“कुठे?” एकानं विचारलं.

“वर.”

अराबा त्या वेळी माझ्यावरच बसली होती. मासे खाणाऱ्या बाईकडे लोकांचं लक्ष नसतं, त्यामुळे ती खोलीत आहे हे डोरिंडाला दिसलंच नव्हतं. अराबानं घास गिळला, पान गुंडाळलं आणि ती बाहेर गेली.

बाहेर दिग्दर्शक फिफी होता. भला माणूस, पण वरच्यांपुढे त्याची मान कायम हलत असते, होकारार्थी. खिडकी उघडी होती, म्हणून मी ऐकलं.

“फिफी, मला एनो हवी आहे रे,” अराबा म्हणाली. “बंदरावर मी एवढी वर्षं ओरडले, कुणी वळून बघितलं नाही. एनो हळू बोलते आणि सगळा देश गप्प बसतो. घरी मी बोलले तर पोरं टीव्हीचा आवाज वाढवतात, आणि टीव्हीत मीच असते! हे माझ्याकडून काढून घेऊ नका.”

“आंटी, माझ्या हातात काय आहे?”

“तुझ्या हातात कॅमेरा आहे, मेल्या.”

फिफीनं मान हलवली.

आता मरण कसं द्यायचं, याच्यावर खोलीत खल सुरू झाला. डोरिंडानं पहिल्यांदा एनोला विहिरीत ढकललं. कागद टाइप होऊन यायच्या आत बातमी बंदरावर पोचली, आणि दुसऱ्या दिवशी अराबाच्या घराण्याचे थोरले, एजिर मामा, दोन म्हाताऱ्यांना घेऊन दारात हजर. काळं वस्त्र खांद्यावरून घेतलेलं, हातात काठी, पायात नव्या कोऱ्या चपला. आमच्याकडे पाहुण्याला आधी पाणी देतात आणि मग येण्याचं कारण विचारतात. डोरिंडाला एवढं ठाऊक होतं. तिनं पाणी दिलं आणि विचारलं.

“आमच्याकडे सगळं ठीक आहे,” मामा म्हणाले. “वाईट काही घेऊन आलो नाही. ऐकलं, की तुम्ही आमच्या बाईला मारताय.”

“मामा, बाईला नाही. पात्राला.”

“पेटीत कोण झोपणार? पात्र?”

डोरिंडा माझ्याकडे बघायला लागली. मामा पुढे म्हणाले,

“आमच्या घरची बाई पेटीत जाते आणि घराला निरोप नाही? उद्या लोक काय म्हणतील? आणि विहीर कुठून आणलीत? आमच्या घराण्यात आजवर कुणी विहिरीत पडलेलं नाही.”

अराबा दाराशी उभी होती. मामांना बघून तिचा चेहरा असा काही खुलला, की मलाही बरं वाटलं. तिला वाटलं, मामा आले, आता कुणाची टाप आहे? आपलं मरण टळलं.

मामांनी विहीर रद्द केली. पुढच्या खेपेला वीज अंगावर पडणं रद्द केलं, कारण वीज चोरावर पडते. त्याच्या पुढच्या खेपेला साप. “कुठला साप?” त्यांनी विचारलं. डोरिंडा म्हणाली, साधा. “साध्या सापानं मरायला ती काय कोंबडी आहे?” खोलीतले लेखक त्यांच्या बोलण्याची टिपणं घ्यायला लागले. मामांना ते आवडलं. त्यांनी खुर्ची फळ्याजवळ ओढून घेतली. मालिकेत दोन भूतं जास्त झालीत, असंही त्यांनी जाता जाता सांगितलं, आणि ती खरोखरच काढली. अजगरही त्यांनीच घालवला. एक एक बदल मामांच्या काठीनं होत होता आणि डोरिंडा लिहीत होती. बिचारीचे डोळे खोल गेले होते.

शेवटी डोरिंडानं शब्द पक्का करताना देतात ती श्नॅप्सची, म्हणजे दारूची, बाटली आणवली, रीतीप्रमाणे उजव्या हातानं दिली आणि म्हणाली, “मामा, आता तुम्हीच सांगा, कसं जावं तिनं?”

मामांनी बाटली घेतली. थोडी जमिनीवर ओतली, पूर्वजांना हाक घातली आणि अटी सांगितल्या. मरण स्वतःच्या बिछान्यात. अंत्यविधी थाटाचा, खरे ढोल, घरची माणसं पुढच्या रांगेत. आणि पुरण्याआधी पेटी चौघांच्या डोक्यावर देऊन विचारायचं, की बाई, तुला कुणी नेलं? पेटी ज्याच्याकडे जाईल त्यानं उत्तर द्यायचं. पूर्वी असंच करायचे. आता बंद पडलंय, पण आमच्या बाईसाठी करायचं.

डोरिंडाचे डोळे चमकले. “हे तर फार छान दिसेल!” तिनं तिथल्या तिथे लिहून टाकलं: पेटी डोलत डोलत दुष्ट घरमालकाच्या दारावर जाऊन थडकते.

पेटीनं कुठे जायचं, हे तिनं कागदावर लिहिलं. मी तिच्या ढुंगणाखालीच होते, पण मला कोण विचारतो?

मामा बाहेर आले तेव्हा अराबा धावत पुढे गेली.

“झालं सगळं ठरवून,” मामा म्हणाले. “राणीसारखी जाणार आहेस.”

“मामा, मला जायचंच नव्हतं.”

“हे आता सांगतेस?”

“तुम्ही विचारलंत कधी?”

मामांनी बाटलीकडे बघितलं. ती अर्धी झाली होती. “घेतली ना आता,” ते म्हणाले. “घेतलेली बाटली परत देता येत नाही, बाई.” आणि नव्या चपला वाजवत निघून गेले. अराबा आत येऊन माझ्यावर बसली. त्या दिवशी ती जेवली नाही. केंकेचं पान न सोडताच मांडीवर ठेवलं होतं. मला फार वाईट वाटलं. पण माझ्यासारखीनं सांत्वन करायला जावं, तर समोरचा आणखीच घाबरतो.

चित्रीकरणाच्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. रिकामी पेटी काय सांगणार, म्हणून आत अराबाच हवी, असा मामांचा हट्ट होता. सुताराला बोलावून माझ्या डोक्याकडे श्वासासाठी भोकं पाडली. शवपेटीला हवेची सोय, म्हणजे माझ्या जातीत तोंड दाखवायला जागा उरली नाही. नटांपैकी कुणी मला डोक्यावर घ्यायला तयार होईना, म्हणून मामांनी बंदरावरचे चार कोळी आणले. दांडगे, अबोल. खऱ्या मयताला खांदा दिलेले. त्यांना कागद दिले होते. त्यांनी ते घडी घालून डोक्यावर, माझ्याखाली चुंबळीसारखे ठेवले.

अराबा आत झोपली. झाकण लागलं. ढोल सुरू झाले. मामा पुढे आले, काठी वर केली आणि ढोल थांबले.

“अराबा क्वेसन!” त्यांनी हाक मारली. एनो म्हणायचं होतं, पण मामा कागद वाचत नाहीत. “तू आपल्या मरणानं गेलीस, की तुला कुणी नेलं? नेलं असेल, तर आम्हाला त्याच्याकडे घेऊन चल.”

मग पुढच्या डावीकडच्या कोळ्याचा पाय हलला. मग चौघं हलले. समोर घरमालकाचं दार. तिथे तो नट सकाळपासून अपराधी चेहरा करून उभा होता, घामानं त्याचा रंग वाहायला लागला होता. आम्ही त्याच्या समोरून गेलो आणि पुढे निघालो.

“अहो, इकडे! इकडे!” तो दबक्या आवाजात म्हणाला.

चौघं थांबेनात. दिव्यांच्या तारा ओलांडल्या, रडणाऱ्या बायका रडणं विसरून बाजूला झाल्या, कॅमेऱ्याला वळसा घातला. पलीकडे कापडी मांडवाखाली डोरिंडा मांडीवर कागद घेऊन बसली होती. माझं पुढचं टोक खाली आलं आणि तिच्या खुर्चीच्या हातावर आपटलं. ठक्. चौघं मागे सरले, पुन्हा पुढे झाले. ठक्.

आता तुम्ही मला विचाराल, हे कुणी केलं? कोळी म्हणतात, आम्हाला पेटीनं ओढलं. मी लाकूड आहे, मी काय ओढणार? आतली बाई हाताची घडी घालून पडली होती, एवढं मी शपथेवर सांगते. बाकी मला माहीत नाही आणि मी खोलातही जात नाही.

“थांबवा,” डोरिंडा म्हणाली. “फिफी, थांबव!”

फिफीनं तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. जन्मात पहिल्यांदा त्यानं मान आडवी हलवली. कॅमेरा चालू राहिला.

मामा काठी टेकत आले. “डोरिंडा एसेल, पेटी तुझ्याकडे आली. आता तुला बोलावं लागेल.”

“मामा, हे खोटं आहे. मालिका आहे ही.”

“मालिका असेल. पेटी खरी आहे.”

तिला उठून जाता आलं असतं. पण ती याच किनाऱ्यावर वाढलेली. पेटी दारात आल्यावर पळणारा माणूस पुन्हा गावात तोंड दाखवत नाही, हे तिनं आजीच्या मांडीवर ऐकलं असणार. ती उभी राहिली. कागद खाली सांडले.

“हो,” ती म्हणाली. “मी मारलं.”

“का मारलंस?”

“वरून सांगितलं होतं. तरुण प्रेक्षक...” ती थांबली. “नाही. वरून फक्त बदल करा म्हणाले होते. तिचं नाव मी सुचवलं. मला तिच्यासाठी लिहिता येत नाही, मामा. मी दिवसभर घासून घासून एक संवाद करते. ती कॅमेऱ्यासमोर एक वाक्य स्वतःचं घालते, आणि बाजारात लोक तेच वाक्य म्हणतात. माझं एकही नाही. घरी माझी आईसुद्धा तिचंच म्हणते. मला तिची भीती वाटायला लागली. ती नसती, तर मी चांगली लेखिका आहे असं मला वाटत राहिलं असतं.”

आणि मग माझ्या आतून, त्या भोकांतून, तो बसलेला आवाज आला.

“मग मला विचारायचं होतंस ना, पोरी! मी काय खाणार होते तुला?” मग आतून झाकण ठोकत, “आणि आधी हे झाकण काढा, माझा पार रस्सा झालाय.”

मला खाली ठेवलं, झाकण काढलं. अराबा उठून बसली. रडणाऱ्या बायकांपैकी एक खरोखरच पळाली, बंदरापर्यंत गेली म्हणतात.

डोरिंडा त्याच दिवशी म्हणाली, की हे सगळं एनोचं स्वप्न होतं असं करून टाकू, एनो जिवंत. मामांनी साफ नकार दिला. बाटली संपली होती, हाक मारून झाली होती, मेलेलं माणूस मेलेलंच. अराबाचा चेहरा पुन्हा उतरला. पण मामांनी पुढे आणखी एक गोष्ट सांगितली. ज्यानं नेलं, त्यानं मेलेल्याची सेवा करायची. भाग लिहायच्या आधी डोरिंडानं येऊन एनोला विचारायचं, की आई, काय सांगायचंय? आणि ती जे सांगेल ते लिहायचं. आजवर मेलेले एनोच्या कानात कुजबुजत होते. आता एनो जिवंतांच्या कानात बोलेल.

“आणि तिला कोण ऐकणार?” अराबानं विचारलं.

“ऐकणार नाहीत कसे? मेलेल्याला टाळता येतं का कुणाला?” मामा म्हणाले. मग काठीकडे बघत, पुटपुटल्यासारखे, “मीसुद्धा विचारायला हवं होतं, बाई.” मामांच्या तोंडून असं काही निघालेलं मी तरी पहिल्यांदाच ऐकलं.

तो भाग जसाच्या तसा दाखवला, डोरिंडाच्या कबुलीसकट. लोकांना वाटलं, ती नवी नटी आहे. फार चांगलं काम करते म्हणाले. तिच्या आईचा फोन आला. आई काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, पण डोरिंडा बराच वेळ नुसती हूं हूं करत होती आणि नाक पुसत होती.

आता माझी हालहवाल सांगून तुमचा निरोप घ्यावा म्हणते. खुर्चीवर आपटलेल्या माझ्या टोकाचा सोनेरी रंग उडालाय. श्वासाच्या भोकांत कुणीतरी पेन्सिली उभ्या करून ठेवतं. कड्या अजून घट्ट आहेत. मागणं म्हणाल तर एकच. तुमच्या घरी कुणाच्या जगण्यामरण्याचं ठरवायला सगळे गोल करून बसले असतील, तर जिच्याबद्दल बोलताय ती दाराशी उभी आहे का, एवढं बघा. तिला आत बोलवा.

आणखी बोलले असते. पण आत्ता खोलीत डोरिंडा आली आहे. अराबा नेहमीच्या जागी, केंकेचं पान मांडीवर घेऊन बसली आहे. डोरिंडा शेजारी बसली, पेन काढलं आणि म्हणाली, “आंटी, एनोला काय सांगायचंय?”

अराबानं घास उचलला होता, तो तसाच राहिला.

“थांब गं जरा,” ती म्हणाली. “मला कुणी असं विचारलेलंच नाही कधी. नवऱ्यानं नाही, पोरांनी नाही. कोबिनानंसुद्धा नाही. एवढं सगळं साठलंय आत, आणि आता कुठून सुरू करू तेच कळेना बघ.”

तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सगळ्या देशाला घाबरवणारी बाई, पण तिला रडताना मी पहिल्यांदा बघतेय. डोरिंडानं पेन बाजूला ठेवलं. अराबाच्या मांडीवरचं पान सांडू नये म्हणून हातानं धरलं आणि ती वाट बघत बसली आहे.

आता मी गप्प होते. ती बोलायला लागली आहे.